घोटमायचा आवर

घोटमाय रागावली की बोलायची नाही. पाण्याचा मोठा घोट तोंडात घ्यायची आणि गिळायची नाही. गाल फुगवून समोरच्याकडे पाहत बसायची. समोरचा बोलायचा, ओरडायचा, आईबाप काढायचा. तो दमला की ती पाणी गिळायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "झालं तुझं? मंग आता कामाचं सांग."

तिचं खरं नाव पार्वती. ते मतदानाच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. बाकी सगळं गाव तिला घोटमाय म्हणायचं, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. पाण्याचा गडवा तिच्या हाताशी असायचाच. शेतात बांधावर, घरात ओट्यावर, बाजारात भाजीच्या ढिगामागे. आमच्याकडच्या बायका पानाची चंची जवळ ठेवतात तसा ती गडवा ठेवायची.

आमचं गाव पवनारजवळ, धाम नदीच्या काठाला. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये तुराट्यांचं एक कुंपण, तेही अर्धं पडलेलं. दोघींकडे थोडी थोडी जमीन. दोघी वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि वर्ध्याच्या बाजारात शेजारी शेजारी बसून विकायच्या. मी चौथी शिकले, भांडायला त्याच्याही आधी शिकले. गिऱ्हाईक वांगं दाबून पाहायला लागलं की माझं तोंड सुरू. घोटमाय माझ्या शेजारी घोट धरून बसलेली असायची. गिऱ्हाईक माझ्यावर चिडून तिच्याकडे जायचं आणि तिची भाजी आधी संपायची. मी म्हणायची, "तू मुद्दाम करतेस." ती म्हणायची, "तू बोंबल, मी इकतो. दोघीचं काम बरोबर चालू हाय."

ही सवय तिला कोणी शिकवली नव्हती. नवरा भयंकर तापट होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट अंगणात जायचं. नवी नवी असताना तीही त्याला तोंडाला तोंड द्यायची, असं तिनेच मला सांगितलं. एकदा दोघांचं असंच जुंपलं आणि रांगतं पोरगं, सुधाकर, चुलीपर्यंत गेलं. भाजलं नाही, वाचलं. पण त्या दिवशी तिने ठरवलं. म्हणाली, "दोघंही बोंबललो तर पोराकडे पायनार कोण? एकाचं तोंड बंद पायजे. त्याचं तर होत नाई, मंग माहं केलं." तोंड नुसतं बंद करून बंद राहत नाही, म्हणून पाणी. तोंडात पाणी असलं की बोलताच येत नाही. एवढं साधं होतं ते. नवरा मेला, तरी घोट राहिला.

बाजारात तिच्या घोटाची मोठी मजा व्हायची. एकदा दोन बायका बसायच्या जागेवरून एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या. मी एकीच्या बाजूने होते, हे सांगायला नको. घोटमाय उठली, गडवा घेऊन मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "दोघीबी एक एक घोट घ्या. गिळू नका. ज्या पोट्टीनं आधी गिळलं तिची जागा गेली." दोघी खरंच घोट घेऊन उभ्या राहिल्या. गाल फुगलेले, डोळे लाल, कपाळावर आठ्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीला हसू फुटलं. सगळं पाणी माझ्या मेथीवर. घोटमाय म्हणाली, "बरं झालं वं मथुरे, तुही मेथी सुकून राह्यली होती." पुढे त्या दोघी एकाच ताडपत्रीवर बसायला लागल्या.

खाण्याचंही तसंच. पोट भरायच्या आधी ताटावरून उठायची. लग्नात जेवायला बसली तरी वाढणाऱ्याला हात आडवा करायची. मी बुंदीचे दोन द्रोण संपवायची आणि तिला म्हणायची, "घे की, फुकट आहे." तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "पोटाले कळाले पायजे मालक कोन हाय ते." गोड आवडत नव्हतं असं नाही. गूळ पाहिला की तिच्या डोळ्यांत दिसायचं. पण हात जायचा नाही. तंबाखू नाही, पान नाही. सकाळी उठून पवनारच्या पुलापर्यंत पायी जाऊन यायची, तेव्हा मी अंथरुणात असायची. मला तिचा कधीकधी राग यायचा. इतकं चांगलं कोणी असू नये.

सुधाकरचं लग्न झालं, सून आली. वनिता. केळझरकडची पोरगी, हसरी आणि बडबडी. सासूसुनेचं भांडण आमच्या वस्तीत रोज कुठे ना कुठे असतं, पण कुंपणापलीकडे कधी ऐकू आलं नाही. वनिताने दूध उतू घातलं, घोट. सांभाराची जुडी सैल बांधली आणि बाजारात सुटून पडली, घोट. घोट गिळून झाला की घोटमाय तिच्या शेजारी बसून जुडी कशी बांधायची ते परत दाखवायची. वनिता तिला आई म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. माहेरी गेली की दुसऱ्याच दिवशी तिचा फोन यायचा, आई जेवल्या का. पोरं झाली, ती मोठी होऊन शिकायला बाहेरगावी गेली. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं. आजूबाजूच्या बायका आपापल्या सुनांना सांगायच्या, वनिताकडे पाहा. आणि सुना सांगायच्या, आधी तुम्ही घोटमायकडे पाहा.

मग एका उन्हाळ्यात घोटमाय घोट धरून बसली आणि राग कशाचा ते कोणालाच कळेना.

सकाळी ओट्यावर बसली होती, गाल फुगलेले. दुपारी पाहिलं, गाल फुगलेले. दुसऱ्या दिवशी तेच. जेवायपुरतं तोंड रिकामं, मग परत घोट. घरात सगळे चोरपावलांनी चालायला लागले. घोटमायला एवढा राग यायचा म्हणजे काहीतरी मोठंच असणार. सुधाकरला वाटलं, आपण लपून सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो ते आईला कळलं. त्याने खर्रा सोडला. इतकी वर्षं बायकोने सांगून सोडला नव्हता, तो आईच्या फुगलेल्या गालांना भिऊन सोडला. वनिताला वाटलं, आपण मोबाइलवर फार वेळ घालवतो. तिने मोबाइल कपाटात ठेवला. मला वाटलं, बाजारात मी तिच्या वांग्यांना किडकी म्हटलं होतं ते मनाला लागलं. मी वाटीभर पोहे घेऊन गेले आणि कुंपणाजवळूनच म्हटलं, "वांगी चांगली होती वं. मी उगाच बोलली." तिने माझ्याकडे पाहिलं. गाल तसेच.

आठवडाभर आम्ही सगळे असे शहाण्यासारखे वागत होतो. त्या घरात इतकी शांतता आधी कधी नव्हती. शेवटी वनितालाच सहन होईना. ती सासूच्या पायाशी बसली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, माहं काय चुकलं ते तरी सांगा. कशाचा राग आला?" घोटमायने तोंड उघडलं. पाणी हनुवटीवरून गळून पोलक्यावर आलं. तिने पुसलं नाही. "राग?" ती म्हणाली. "कोनाचा राग?"

तिला राग आलाच नव्हता. पाणी तोंडात का धरलं हे तिला माहीत नव्हतं. हात गडव्याकडे गेला, पाणी तोंडात घेतलं, पुढे काय करायचं ते राहून गेलं. आम्ही मात्र आपापल्या चुका शोधत बसलो होतो.

तेव्हाही आम्हाला काही कळलं नाही. वय झालं, म्हटलं. सुधाकरने दुसऱ्या दिवशी खर्रा परत सुरू केला.

नंतर बाजारात ती गिऱ्हाइकांना बोलायला लागली. एक जाड बाई वांगी निवडत होती, तिला म्हणाली, "एवढी फुगलीस, अजून कायले खातं?" मला तर आनंदच झाला. इतक्या वर्षांनी माझ्या बरोबरीची झाली, असं वाटलं. सगळ्या बायका हसल्या. पुढे पुढे तिच्या तोंडून काय निघतं ते ऐकायला मुद्दाम जमायला लागल्या. तीही हसायची. मग शेजारच्या टोपल्यातला पेरू उचलून खायची. हात धरला तर हात झटकायची. घरी गुळाचा डबा रिकामा व्हायला लागला. तिच्या उशीखाली, धान्याच्या कोठीमागे, पातळाच्या घडीत गुळाचे खडे सापडायचे, मुंग्या लागलेले.

आमच्या वस्तीत एक तरुण मुलगा गेला. त्याच्या तेरवीला आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. मुलाची आई समोर ताट घेऊन बसली होती, घास घेत नव्हती. घोटमाय उठली, तिच्या ताटातली जिलेबी उचलली, तोंडात घातली आणि म्हणाली, "तू खात नाईस तं मी खातो." आणि हसली. मोठ्याने. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. लोक माझ्याकडे पाहत होते, जणू मीच तिला असं शिकवलं.

त्यानंतर तिचं तोंड वनिताकडे वळलं. रोज, उठल्यापासून. सटवी, अवदसा आणि इथे लिहिता येणार नाहीत अशा शिव्या. त्या शिव्या तिला येतात हेही आम्हाला माहीत नव्हतं. "घरातून निघ. तू मले डोळ्यासमोर नको. माह्या पोराले तुह्याहून चांगली भेटली असती." वनिता तिला न्हाऊ घालत असताना हे चालायचं, भरवत असताना चालायचं. ती ताट ढकलायची, वनिता सांडलेलं उचलायची. कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू यायचं. आधी त्या घरातून काहीच ऐकू यायचं नाही, त्यामुळे ते जास्तच मोठं वाटायचं.

एकदा वनिताने पाण्याचा गडवा तिच्या हातात दिला. म्हणाली, "आई, घोट घ्या. तुम्हीच सांगता नं." घोटमायने गडवा तोंडाला लावला, गटागट सगळं पाणी प्यायली, गडवा खाली ठेवला आणि जिथे थांबली होती तिथून शिवी पुढे सुरू केली.

गावाला बोलायला विषय मिळाला. "इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं, आता निघून राह्यलं," असं बायका म्हणायला लागल्या. "घोट घोट करत होती, पोटात असं होतं तर." ज्यांची भांडणं तिने सोडवली होती त्याही म्हणायला लागल्या. मी चार जणींशी भांडले. पण भांडून काय सांगणार? मलाही काय ठाऊक होतं?

शेवटी सुधाकरने सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. ऑटोत ती फक्त माझ्याशेजारी बसायची, म्हणून मीही गेले. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीएवढी. चांगली होती, घाई केली नाही. तिने आम्हाला बसवून सांगितलं, "आजीच्या मेंदूचा पुढचा भाग, इथला, कपाळामागचा, सुकत चालला आहे. काय बोलावं, काय बोलू नये, किती खावं, कुठे थांबावं, हे सगळं आवरायचं काम तो भाग करतो. तोच थकला आहे."

मी विचारलं, "औषध?"

"झोपेला, चिडचिडीला थोडंफार देता येईल. हा आजार मागे फिरवणारं औषध नाही, आजी."

"ती तर सगळं बरोबर करत होती," मी म्हटलं. "कमी खायची, चालायची, कधी चिडली नाही. मी तंबाखू खाते, जगाशी भांडते. माझं डोकं जागेवर कसं?"

डॉक्टरीण म्हणाली, "चालणं, बेताचं खाणं, माणसांत राहणं, बीपी-शुगर सांभाळणं, याने मेंदूला फायदाच होतो. ते सोडू नका. पण सगळं करूनही काहींना होतं. का ते आम्हालाही नेहमी सांगता येत नाही." मग मला म्हणाली, "तंबाखू सोडा तुम्ही."

"राग गिळून गिळून झालं का असं?" मी विचारलं. गावात तेच बोलत होते, म्हणून विचारलं.

"नाही. तसं मनात आणू नका."

मग वनिता पुढे सरकली. ती म्हणाली, "मॅडम, त्या मला जे बोलतात ते खरं असते का? मनातलं असते का?"

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. म्हणाली, "हा आजार बोलतो असं समजा. मनावर घेऊ नका." आणि मग वनितालाच सांगायला लागली, की वाद घालू नका, गोड नजरेआड ठेवा, रोजचं काम रोजच्या वेळेला करा, आणि तुम्हीही अधूनमधून विश्रांती घ्या. वनिता मान हलवत होती. घोटमाय टेबलावरची पट्टी उचलून टेबलावर आपटत होती.

डॉक्टरणीने सांगितलं तसं आम्ही केलं. गूळ माझ्या घरी आणून ठेवला. तिचा बाजार बंद केला. सकाळी मी तिला धरून नदीकडे नेते, माझेच गुडघे दुखतात, तरी नेते. मी तंबाखू सोडला नाही. दुपारी वनिताला झोपायला मिळावं म्हणून मी तिथे बसते. वाद घालू नका हे मला सगळ्यांत कठीण गेलं. ती म्हणते सूर्य पश्चिमेला उगवला, मी म्हणते बरं. याने ती बरी होत नाही. पण दिवस जातो.

थंडीत एका दुपारी मी आमच्या ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. घोटमाय झोपली होती. वनिता येऊन माझ्यासमोर बसली आणि तीही सोलायला लागली. मांडीत ओंजळभर दाणे झाले. मग खाली पाहतच म्हणाली, "मावशी, तुमी तं त्याइच्यासंगं जन्म काढला. एक विचारू? खरं सांगान?"

"मी कधी खोटं सांगतलं?"

"आई माह्याबद्दल तुमच्याजोळ कधी काही म्हणल्या होत्या? आधी? बऱ्या होत्या तेव्हा?"

मला ती काय विचारते ते कळलं. आणि मला आठवत होतं. वनिता नवी होती, वर्षही झालं नव्हतं. बाजारातून आम्ही दोघी रिकाम्या टोपल्या घेऊन परत येत होतो. घोटमाय चालता चालता थांबली आणि म्हणाली, "मथुरे, मले ते पोट्टी डोळ्यासमोर नको वाटते. माह्या पोराले तिच्याहून चांगली भेटली असती." का म्हणाली ते मी विचारलं नाही. तिने गडव्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि गावापर्यंत तसंच धरून चालत राहिली. त्यानंतर ती गोष्ट तिने परत कधी काढली नाही. पण आता ती रोज जे ओरडते ते तेच होतं, तेच शब्द. आजाराने ते नवीन बनवलेले नव्हते. मी पहिल्या दिवशीच ओळखले होते.

"होय," मी म्हटलं. "म्हणली होती."

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "कधी?"

"तू नवी होतीस तेव्हा. एक डाव."

"काय म्हणल्या?"

"आता म्हणते तेच."

"मंग?"

"मंग नाई. परत कधीच नाई. एवढी वर्षं नाई. ते बी ऐक नं वं पोरी, नुसतं पहिलंच ऐकू नको."

पण तिने पहिलंच ऐकलं. मांडीतले दाणे सुपात टाकले, उठली, कुंपणातून निघून गेली. नंतर हे ऐकून माझी मुलगी मला फोनवर म्हणाली, आई, एवढं खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं? काय झालं असतं ते मला माहीत नाही. बोलले असते तरी वनिताला माझ्या तोंडावर दिसलं असतं.

त्यानंतर वनिता माझ्याशी बोलेना. मी दुपारी जायची, ती उठून आत जायची. सासूचं सगळं करत होती. न्हाणं, भरवणं, कपडे बदलणं, कशात कमी नाही. आधी शिव्या ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आता येत नव्हतं. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, चांगलं झालं, सवय झाली. मला ते चांगलं वाटत नव्हतं. दगडाला धुतात तसं ती सासूला धुवायची. सुधाकर दोघींकडे पाहायचा आणि खर्रा तोंडात टाकून शेतात जायचा. त्याला तरी काय बोलणार? आई त्याची, बायको त्याची.

मग एक दिवस ती स्वतःच आली. ओट्यावर बसली नाही, उभी राहूनच म्हणाली, "मी बी म्हणलं होतं."

"काय?"

"त्याच वर्षी. माहेरी गेलती तेव्हा मायले म्हणलं होतं, हे बुढी मरत काऊन नाई. हिचं तोंड फुगलं की मले भेव वाटते. बोलत बी नाई, शिव्या बी देत नाई, मी काय समजू?"

"मंग?"

"मंग नाई," ती म्हणाली. "मंग कधी म्हणली मलेच आठवत नाई. त्या मले आवडाले लागल्या."

मला हसू आलं. तिलाही थोडं आलं. दोघी एकाच वर्षी, एक बाजाराच्या वाटेवर आणि एक माहेरी, एकमेकींना नको म्हणत होत्या. आणि घरी येऊन एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या.

"मावशी, हे त्याइले सांगू काय?"

"सांग."

"समजन त्याइले?"

"नाई समजनार," मी म्हटलं. "पन सांग."

मी तिच्याबरोबर गेले. घोटमाय अंगणात उन्हात बसली होती. वनिताने तेल आणलं, तिच्या मागे बसली आणि केस विंचरायला घेतले. पांढरे, पातळ केस, हातात राहत नाहीत. विंचरता विंचरता तिने सगळं सांगितलं. आई, तुमी मले नको म्हणत होत्या, मले मालूम हाय. मी बी तुमाले नको म्हणत होती. मी तुमाले मरा म्हणलं होतं. मंग तुमी मले जुडी बांधाले शिकवली, माह्या बाळंतपनात रात रात बसल्या. मंग मी नाई म्हणलं कधी. तुमी बी नाई म्हणलं. मंग आता काऊन म्हणता? तिचा आवाज फार हळू होता. मी समोर बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

घोटमाय ऐकत होती असं वाटलं. तिचा हात मांडीवर थांबला होता. एरवी तिचा हात थांबत नाही, कशाला तरी चिमटत असतो. आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. मी अशी वाट पाहणारी बाई नाही, पण पाहिली.

मग तिने मान वळवून वनिताच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"कोन वं तू?"

"मी वनिता. तुमची सून."

"हट्," घोटमाय म्हणाली. "माही सून अशी नाई बोलत. मरा गिरा नाई म्हणत ते. चांगली पोरगी हाय माही सून." आणि फणी धरलेला तिचा हात ढकलून म्हणाली, "तू निघ इथून. तू मले डोळ्यासमोर नको."

वनिताने फणीत अडकलेले केस काढून टाकले. मग माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, डॉक्टर म्हणल्या होत्या, आजार बोलते, मनावर घेऊ नका. मंग आता हे जे म्हणल्या, चांगली पोरगी, हे बी आजारच बोलला काय? हे मनावर घेऊ का नको?"

मी तिच्या हातातून फणी घेतली, घोटमायच्या मागे जाऊन बसले आणि राहिलेले केस विंचरून दिले.